राघूचे खाणे, राघूचे चावणे

पोपट काय खातो, असे कोणत्याही मराठी घरातल्या मुलाला विचारले, तर उत्तर ठरलेले आहे: पेरू आणि हिरवी मिरची. पोपट का चावतो, असे विचारले, तर मोठ्या माणसांचेही उत्तर ठरलेले असते: लाडाने माजला आहे. ही दोन्ही उत्तरे आपण परंपरेने चालत आलेली समजतो. पाळीव पोपटाविषयीचे जुने उल्लेख वाचत गेलो, तेव्हा मला दिसले ते वेगळेच. पहिले उत्तर फार तर पाचशे वर्षांचे आहे. दुसरे खूप जुने आहे, पण मुळातच चुकीचे. आणि या दोन्हींचा एकमेकांशी संबंध आहे.

आधी खाण्याचे पाहू. मिरचीचे मूळ अमेरिकेत, पेरूचेही अमेरिकेतच. पिंजऱ्यात टाकले जाणारे भुईमुगाचे दाणे, मक्याचे कणीस, सूर्यफुलाच्या बिया हे सारे त्याच खंडांतून जगभर गेले. कोलंबस १४९२ मध्ये तिकडे पोहोचला, वास्को द गामा १४९८ मध्ये कालिकतला उतरला आणि १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतले. त्यानंतर ही झाडे आपल्या मातीत रुजली. ‘पेरू’ या शब्दाचा उगमही अभ्यासक पोर्तुगीज ‘पेरा’ या शब्दात शोधतात. त्याचा अर्थ नासपती. ‘मिरची’ हे नाव आपण जुन्या मिरीवरून दिले. म्हणजे ज्ञानेश्वरांच्या काळातल्या राघूने ना पेरू चाखला होता, ना मिरची.

मग तो काय खात होता? याचे एक सुंदर उत्तर बाणभट्टाच्या ‘कादंबरी’त आहे. सातव्या शतकात हर्षवर्धनाच्या दरबारी असलेल्या बाणाने आपली कथा एका पोपटाच्या तोंडी घातली आहे. वैशंपायन नावाचा हा पोपट शूद्रक राजासमोर आणला जातो. राजा त्याला अंतःपुरात पाठवतो आणि नंतर विचारतो, आत काही आवडीचे खायला मिळाले का? पोपट यादी सांगतो: जांभळाचा रस, डाळिंबाचे दाणे, आवळे. वर हेही म्हणतो, की राण्यांनी स्वतःच्या हातांनी दिलेले सारेच अमृतासारखे लागते. दरबारी अदब सोडली, तरी यादी खरी वाटते, कारण रानातला पोपट असेच खातो: फळे, धान्य, बिया, कोवळ्या कळ्या, पळस आणि सावरीच्या फुलांतला मध. आपल्या भाषेने दीर्घकथेला ‘कादंबरी’ हे नाव दिले ते याच ग्रंथावरून. पण त्यातला राघूचा आहार मात्र आपण विसरलो.

मिरचीबद्दल एक समजूत घरोघरी ऐकू येते, की ती खाल्ल्याने पोपटाची जीभ सुटते. त्याला तिखट लागते, म्हणून तो ओरडतो, असाही एक तर्क असतो. वस्तुस्थिती अशी, की मिरचीचा झोंबरेपणा पक्ष्यांना जाणवतच नाही. आपल्या मज्जातंतूंच्या टोकांवर उष्णता टिपणारे एक प्रथिन असते. मिरचीतले कॅप्सेसिन त्यालाच चेतवते, म्हणून तोंडात आग होते. पक्ष्यांमधले तसेच प्रथिन कॅप्सेसिनला दाद देत नाही. डेव्हिड ज्युलियस आणि स्वेन-एरिक जॉर्ड्ट यांनी २००२ मध्ये कोंबडीतील या प्रथिनाचा अभ्यास करून हे दाखवले. ज्युलियस यांना पुढे २०२१ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल विभागून मिळाले. रानमिरचीने ही सोय राखली ती तिच्या बिया शाबूत पोटातून नेऊन दूर टाकणाऱ्या पक्ष्यांसाठी. बिया चोचीने फोडून खाणाऱ्या पोपटाने तिचा फुकटात लाभ घेतला. तेव्हा मिरचीने पोपट बोलका होत नाही. मिरचीत अ-जीवनसत्त्व देणारी द्रव्ये भरपूर असतात, एवढा फायदा मात्र त्या समजुतीमुळे नकळत पिंजऱ्यातल्या पक्ष्याच्या पदरात पडला.

हा योगायोग मोलाचा होता, कारण पिंजऱ्यातले बाकीचे जेवण निकृष्टच असे. भिजवलेली हरभऱ्याची डाळ, शिळी पोळी, चहात बुडवलेले बिस्किट, आणि अलीकडे वाटीभर सूर्यफुलाच्या बिया. नुसत्या बियांवर ठेवलेल्या पोपटाला अ-जीवनसत्त्वाची उणीव होते, श्वसनमार्गाचे आजार जडतात. बियांतल्या तेलाने यकृतावर चरबी साठते. रानात तोच पक्षी चाऱ्यासाठी रोज मैलोगणती उडतो. पिंजऱ्यात तो दोन दांड्यांमधले अंतर तेवढे चालतो. बाणाच्या यादीकडे आजचा पक्षिवैद्य मान डोलावून पाहील: फळ आहे, वैविध्य आहे. पालेभाजी, गाजर, भोपळा, मोड आलेली कडधान्ये एवढी भर तो घालेल आणि चॉकलेट, अ‍ॅव्होकाडो, खारवलेले पदार्थ यांवर काट मारेल.

आता चावण्याकडे वळू. युरोपला आपला पोपट प्रथम ठाऊक झाला तो क्टेसियस या ग्रीक वैद्यामुळे. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकाच्या अखेरीस तो इराणच्या दरबारी होता. माणसाची जीभ असलेला हा पक्षी भारतीय भाषा बोलतो आणि शिकवली तर ग्रीकही बोलेल, असे त्याने लिहिले. पुढे अ‍ॅरिस्टॉटलने नोंदवले, की दारू पाजली तर हा भारतीय पक्षी अधिकच चेकाळतो. सिकंदराचा नौदलप्रमुख निआर्कस पोपटांकडे आश्चर्य म्हणून पाहतो. पाचेकशे वर्षांनी त्याचा आधार घेणारा अ‍ॅरियन मात्र म्हणतो, यात नवल ते काय, मी स्वतः पुष्कळ पाहिले आहेत. तोवर आपला पक्षी तिकडच्या घरांत रुळला होता.

घरात रुळला म्हणजे त्याला शिकवण्याचा प्रश्न आला. इसवी सन ७९ मध्ये वारलेल्या प्लिनीने त्याचे उत्तर निर्विकारपणे दिले आहे. पोपटाचे डोके चोचीइतकेच कठीण असते, म्हणून बोलायला शिकवताना त्याच्या डोक्यावर लोखंडी सळईने मारावे. याहून हलका मार त्याला जाणवत नाही. दुसऱ्या शतकातल्या अपुलियसने हाच उपाय पुन्हा सांगितला आणि दोन वर्षांच्या आतले पिल्लू लवकर शिकते, अशी पुस्तीही जोडली. खायला दारू आणि शिकवायला सळई, असा हा रोमन पाहुणचार.

आपल्याकडे सळई दिसत नाही. वात्स्यायनाने चौसष्ट कलांमध्ये शुकसारिकाप्रलापन, म्हणजे पोपट आणि मैनांना बोलते करणे, ही कला मोजली आहे. जेवणानंतरच्या निवांत वेळी नागरकाने ती करावी, असे त्याच्या दिनक्रमात आहे. ही शिकवणी गोडीगुलाबीची असणार. पण इथेही लक्ष आहे ते पक्ष्याच्या जिभेवर. त्याने आपले शब्द बोलावेत, एवढीच अपेक्षा. ‘शुकसप्तती’तला पोपट तर सत्तर गोष्टी सांगून मालकिणीला घराबाहेर पडू देत नाही, तोही माणसाचाच पहारा करतो.

पक्ष्याच्या स्वतःच्या आवाजाला अर्थ देणारा एक ग्रंथ मला सापडला, आणि तो निघाला कौटिल्याचे ‘अर्थशास्त्र’. राजवाड्यात पोपट, मैना बाळगण्याचे कारण कौटिल्य सांगतो ते असे, की सर्पविषाची शंका येताच हे पक्षी ओरडतात. यातले शास्त्र बाजूला ठेवू. इथे पक्ष्याला शिकवलेले नाही. तो घाबरला तर त्याला काहीतरी कळले आहे, असे मानले आहे. आज चावऱ्या पोपटाबद्दल जाणकार सांगतात, त्याची सुरुवात इथून होते.

कारण पोपटाची चोच म्हणजे त्याचा हात आहे. चढताना तो तिने फांदी धरतो, वजन टाकण्याआधी आधार पक्का आहे का, ते तिनेच चाचपतो, नवी वस्तू तिनेच ओळखतो. पिल्लाचा पहिला ‘चावा’ बहुधा असा चाचपणीचाच असतो. खरा चावा ही शेवटची पायरी. त्याआधी डोळ्यांतली बाहुली भराभर लहानमोठी होते, मानेची पिसे फुलतात किंवा अंग चोरले जाते, शेपूट पसरते, पक्षी मागे सरकतो. हे सारे म्हणजे ‘नको’. माणूस ते न वाचता बोट पुढे करतो, आणि मग चोच मिटते.

आमच्या जुन्या वाड्यात शेजारी एक राघू होता. चावला, की त्याच्या चोचीवर टिचकी मारायची आणि ‘शहाण्यासारखा वाग’ म्हणायचे, ही तिथली रीत. आम्ही पोरे दांडीवरचा राघू बोट पुढे केल्याबरोबर मागे सरके, हे पाहून हसायचो. त्या टिचकीला प्लिनीच्या सळईची सौम्य आवृत्ती म्हणता येईल, हे पुष्कळ वर्षांनी ध्यानात आले. दोन्हींमागे कल्पना एकच: चावणे हा उद्धटपणा, आणि तो माराने मोडायचा. मार खाणारा पक्षी चावायचे थांबवत नाही. आधीचे इशारे द्यायचे थांबवतो आणि थेट चावतो.

रवींद्रनाथ ठाकुरांनी १९१८ मध्ये लिहिलेल्या ‘तोताकाहिनी’त हीच जागा नेमकी पकडली आहे. राजाच्या हुकमावरून एका पाखराला शिक्षण दिले जाते. पिंजऱ्यात दाणा नाही, पाणी नाही. पोथ्यांची पाने मात्र त्याच्या चोचीत कोंबली जातात. एके दिवशी ते आपल्या रोडावलेल्या चोचीने पिंजऱ्याची काडी कुरतडताना दिसते. कोतवालाला त्यात बेअदबी दिसते आणि लोहाराला बोलावणे जाते. कथा शिक्षणपद्धतीवरची आहे, हे खरेच. पण उपाशी पाखराची चोच आणि तिला उद्धट म्हणणारा कोतवाल या जोडीत पिंजऱ्याचा सारा इतिहास आला.

शिकवण्याची रीत खऱ्या अर्थाने बदलली ती विसाव्या शतकाच्या अखेरीस. आयरीन पेपरबर्ग यांनी १९७७ मध्ये शिकागोतल्या एका दुकानातून आफ्रिकन ग्रे जातीचा एक पोपट घेतला. अ‍ॅलेक्स हे त्याचे नाव. २००७ मध्ये तो मरण पावला, तोवरच्या तीस वर्षांत रंग, आकार, संख्या ओळखून सांगू लागला होता. दोन माणसे त्याच्यासमोर एकमेकांना वस्तूचे नाव विचारत. बरोबर सांगणाऱ्याला तीच वस्तू मिळे. अ‍ॅलेक्सने नाव घेतले, की वस्तू त्याला. प्रत्येक उत्तराला दाणा, असा प्रकार नव्हता. शिवाय ‘नाही’ आणि ‘परत जायचे आहे’ हे म्हणायला त्याच्याकडे शब्द होते.

इथे खाणे आणि चावणे यांचा धागा जुळतो. वाटीत दिवसभर सूर्यफुलाच्या बिया भरलेल्या असतील, तर बक्षीस म्हणून द्यायला माणसाच्या हातात काही उरत नाही. मग उरते टिचकी. आवडीचा दाणा वाटीतून काढून हातात ठेवावा, पक्षी शांतपणे जवळ आला, की तो द्यावा, इशारा दिसताच हात मागे घ्यावा, आणि चावल्यावर ओरडू नये, कारण आपला आरडाओरडा त्याला गंमत वाटू शकतो. रात्री दहा-बारा तास अंधार आणि शांतता द्यावी. विणीच्या काळात अतिपौष्टिक खाणे आणि घरट्यासारखा अंधारा कोपरा टाळावा. त्याने पक्षी अधिक आक्रमक होतो. चांगला पोसलेला, पुरेसा झोपलेला, ज्याचा नकार ऐकला जातो असा पोपट क्वचितच चावतो.

हे सारे आज दुकानांत मिळणाऱ्या परदेशी जातींना लागू आहे. ऑस्ट्रेलियातले बजरीगर आणि कॉकटील, आफ्रिकेतले लवबर्ड हे त्यांतले नेहमीचे. आपला राघू पिंजऱ्यात ठेवणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा ठरते आणि १९९०-९१ पासून देशी पक्ष्यांच्या व्यापारावरही बंदी आहे. तरीही दर वर्षी विणीच्या दिवसांत झाडांच्या ढोलीतून पिल्ले काढली जातात. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात नळीवर बसलेल्या पोपटाचा दृष्टान्त आहे: त्याच्या भाराने नळी फिरते, भेदरलेला पक्षी ती अधिकच घट्ट धरतो, आणि पाय मोकळे असून आपण अडकलो, असे मानतो. १२९० मधल्या श्रोत्यांना हा दृष्टान्त समजावून सांगावा लागला नसेल. पोपट असेच धरले जात, हे ते पाहत असत.

बाणाचा वैशंपायनही सुरुवातीला हेच सांगतो. पंपा सरोवराकाठच्या जुन्या सावरीच्या ढोलीत तो जन्मला. एक म्हातारा शबर झाडावर चढला, ढोलीतल्या पक्ष्यांच्या माना मुरगळून त्यांना खाली टाकू लागला. बाप मारला गेला आणि त्याच्या पंखाखालचे हे पिल्लू पाचोळ्यात पडून वाचले. राजाने त्याला आधी जेवलास का, असे विचारले आणि मग, तू कोण, कुठला, हे विचारले. साऱ्या परंपरेत पोपटाला असा प्रश्न विचारून उत्तर पुरते ऐकून घेणारा श्रोता मला हाच एक भेटला. चावणाऱ्या पक्ष्यासमोर बसताना प्लिनी बाजूला ठेवून या राजाचा क्रम धरावा: आधी त्याच्या वाटीत काय आहे, ते पाहावे, आणि मग तो काय सांगतो आहे, ते.