कॅप्सूलमधली कॉफी

एका कपापुरत्या एस्प्रेसो कॅप्सूलमध्ये पाण्यात विरघळणारी पूड असते, असे आम्हीही समजत होतो. वापरलेली एक कॅप्सूल कापली, तर आत ओला चोथा! म्हणजे ती भाजून दळलेली कॉफीच. गैरसमजाला कारण मात्र आहे. १९३८ साली स्वित्झर्लंडमध्ये नेस्लेने विरघळणारी नेसकॅफे बाजारात आणली; त्याच वर्षी मिलानच्या अकिले गाज्जा यांनी वाफेऐवजी दाबाने गरम पाणी कॉफीतून ढकलणाऱ्या यंत्रासाठी पेटंट मागितले. १९७६ मध्ये कॅप्सूलची पद्धत काढणारे एरिक फाव्र नोकरीला होते नेस्लेत, पण त्यांनी वाट धरली गाज्जांची. कपावरचा फेसही वरून मिसळलेला नसतो. बी भाजताना तिच्यात कोंडलेला कार्बन डायऑक्साइड दाबाखालच्या पाण्यात उतरतो आणि दाब सुटताच बुडबुड्यांच्या रूपाने वर येतो.