अमेरिकी सैन्यदलांतील मद्यपानाची वयोमर्यादा

अमेरिकेच्या सैन्यदलांत सेवा करणाऱ्या व्यक्तीस कोणत्या वयापासून मद्य विकत घेता व पिता येते, हे ठरविणाऱ्या कायद्यांना व सेवानियमांना मिळून ‘सैन्यदलांतील मद्यपानाची वयोमर्यादा’ असे म्हणता येईल. अमेरिकेत पालकांच्या संमतीने १७व्या वर्षी आणि स्वतःच्या इच्छेने १८व्या वर्षी सैन्यात भरती होता येते. मद्यपानासाठी मात्र देशातील लष्करी तळांवर सर्वसाधारणपणे वयाची २१ वर्षे पूर्ण व्हावी लागतात. सैनिकांसाठी सर्वत्र लागू होणारे असे एकच वय कायद्याने ठरविलेले नाही. तळ कोणत्या राज्यात, कोणत्या सीमेजवळ किंवा कोणत्या देशात आहे, यावर ते अवलंबून असते.

पार्श्वभूमी

सैनिक आणि मद्य यांचा संबंध जुना आहे; वयाचा प्रश्न त्यामानाने अलीकडचा. अमेरिकी नौदलात खलाशांना रोज मिळणारा मद्याचा शिधा १८६२ साली बंद झाला. १९०१ च्या कायद्याने भूदलाच्या उपाहारगृहांतील बिअर व वाइनची विक्री थांबविली. १९१४ साली नौदलमंत्री जोसेफस डॅनियल्स यांनी युद्धनौकांवरील मद्यपान अधिकाऱ्यांसह सर्वांसाठीच बंद केले. पहिल्या महायुद्धाच्या काळात गणवेशातील सैनिकाला मद्य विकणे हाच गुन्हा ठरला. या साऱ्या निर्बंधांत तरुण आणि प्रौढ असा भेद नव्हता.

देशव्यापी दारूबंदी १९३३ साली एकविसाव्या घटनादुरुस्तीने उठली आणि मद्याचे नियमन प्रामुख्याने राज्यांकडे आले. बहुतेक राज्यांनी २१ हेच वय ठरविले, कारण त्या काळी सज्ञान होण्याचे व मतदानाचे वयही तेच होते. दुसऱ्या महायुद्धात, नोव्हेंबर १९४२ मध्ये, सक्तीच्या सेनाभरतीचे वय १८ वर आणण्यात आले. लढण्याइतका मोठा असलेला तरुण मत देण्याइतकाही मोठा आहे, हा युक्तिवाद तेव्हापासून मांडला जाऊ लागला. व्हिएतनाम युद्धाच्या काळात त्याला जोर चढला आणि १९७१ च्या सव्विसाव्या घटनादुरुस्तीने मतदानाचे वय १८ झाले. त्याच्या पाठोपाठ सुमारे तीस राज्यांनी मद्यपानाचे वयही १८, १९ किंवा २० पर्यंत खाली आणले.

परिणाम मात्र अनपेक्षित झाला. शेजारशेजारच्या राज्यांत वेगवेगळी वये असल्यामुळे तरुण मोटारीने सीमा ओलांडून जात, पीत आणि त्याच अवस्थेत परत येत. अशा सीमांना ‘रक्ताच्या सीमा’ असे नाव पडले. मद्यपी वाहनचालकांविरुद्ध मातांनी १९८० साली उभारलेल्या चळवळीने हा विषय राजकारणाच्या केंद्रस्थानी आणला. १७ जुलै १९८४ रोजी राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी राष्ट्रीय किमान मद्यपान वय कायद्यावर स्वाक्षरी केली. हा कायदा राज्यांना थेट आज्ञा करीत नाही. ज्या राज्यात २१ वर्षांखालील व्यक्तीस मद्य विकत घेता येते, त्या राज्याच्या महामार्ग अनुदानात तो कपात करतो. ही कपात आरंभी ५ टक्के, नंतर १० टक्के होती. पुढे ती ८ टक्के झाली. दक्षिण डकोटा राज्याने या अटीस आव्हान दिले, परंतु सर्वोच्च न्यायालयाने १९८७ साली ७ विरुद्ध २ मतांनी ती वैध ठरविली. १९८८ साली वायोमिंगनेही वय वाढविल्यावर सर्व ५० राज्यांत २१ ही मर्यादा लागू झाली.

१९८५ चा कायदा

लष्करी तळ केंद्र सरकारच्या अखत्यारीत असल्याने तेथील मद्यविक्रीचे नियम पूर्वी सैन्यदले स्वतः ठरवीत. त्यामुळे फाटकाबाहेर बंदी असलेले पेय फाटकाच्या आत मिळणे शक्य होते. ही विसंगती काँग्रेसने १९८५ साली संरक्षणविषयक कायद्याद्वारे दूर केली. ही तरतूद अमेरिकी विधिसंहितेच्या दहाव्या भागात कलम २६८३ मध्ये आहे. तिच्यानुसार तळ ज्या राज्यात असेल, त्या राज्याचेच किमान वय तळावर लागू करणे संबंधित दलाच्या मंत्र्यावर बंधनकारक आहे.

या नियमाला दोन अपवाद आहेत, आणि विषयातील खरी गुंतागुंत तेथेच आहे. पहिला अपवाद भौगोलिक आहे. तळ एकाहून अधिक राज्यांत पसरलेला असेल, किंवा दुसरे राज्य, मेक्सिको अथवा कॅनडा यांच्यापासून ५० मैलांच्या आत असेल, तर त्या परिसरात लागू असलेले सर्वांत कमी वय तळावर स्वीकारता येते. सैनिकाने सीमेपलीकडे जाऊन पिऊन परत गाडी हाकण्यापेक्षा त्याने तळावरच, बराकीपासून चालत जाण्याच्या अंतरावर, प्यावे, असा हा हिशेब आहे. ‘रक्ताच्या सीमां’चा धडा येथे उलट्या दिशेने गिरविलेला दिसतो. सर्व राज्यांचे वय एकच झाल्यावर या अपवादाचा राज्याराज्यांतील उपयोग संपला. आता त्याला अर्थ उरला आहे तो परदेशाच्या सीमेजवळ. टेक्सासमधील फोर्ट ब्लिस मेक्सिकोला लागून आहे आणि तेथील मर्यादा पूर्वी १८ होती. न्यूयॉर्क राज्यातील फोर्ट ड्रम ऑन्टारिओ प्रांताजवळ आहे. अर्थात ही केवळ मुभा आहे. ती वापरायची की नाही, हे सैन्यदलावर सोपविलेले आहे.

दुसरा अपवाद प्रसंगाचा आहे. विशेष परिस्थिती असल्याची खात्री झाल्यास तळप्रमुख वयाची अट शिथिल करू शकतो. खडतर कामगिरीची समाप्ती किंवा दलाचा अथवा तुकडीचा वर्धापनदिन यांसारखा खास लष्करी प्रसंग संपूर्ण तुकडी एकत्र साजरा करीत असेल, तरच ही सवलत अभिप्रेत आहे. समारंभ तळावरच व्हावा लागतो आणि सैनिकांना वा आसपासच्या वस्तीला धोका पोहोचू नये, याची जबाबदारी तळप्रमुखाची असते.

तळाबाहेर यांपैकी कोणतीही सवलत चालत नाही. लष्करी ओळखपत्र हा वयाचा पुरावा असतो, वयातून सूट नव्हे. नियम मोडणाऱ्यावर आज्ञाभंगाबद्दल लष्करी न्यायसंहितेच्या अनुच्छेद ९२ खाली कारवाई होऊ शकते. किरकोळ प्रकरणांत तळप्रमुख खटल्याविना पदावनती, वेतनकपात किंवा स्थानबद्धता अशी शिक्षा देतो.

परदेशातील तळ व युद्धक्षेत्र

अमेरिकेबाहेर यजमान देशाचा कायदा, उभय देशांतील करार आणि स्थानिक सेनाधिकाऱ्याचा निर्णय यांवर वय ठरते; भूदलाच्या नियमांत त्यासाठी १८ ही खालची मर्यादा आहे. जर्मनीत १६व्या वर्षापासून बिअर व वाइन कायदेशीर आहे. जपानमध्ये सज्ञानतेचे वय २०२२ साली १८ झाले, तरी मद्यपानाचे वय २० च राहिले. त्यामुळे ओकिनावातील १९ वर्षांच्या सैनिकाला तेथेही थांबावेच लागते. इराक व अफगाणिस्तानातील मोहिमांत तर ‘सामान्य आदेश क्रमांक १’ अन्वये सर्व वयाच्या सैनिकांना मद्य वर्ज्य होते. म्हणजे ज्या रणभूमीचा दाखला देऊन वय कमी करण्याची मागणी होते, तेथे पन्नाशीच्या सेनाधिकाऱ्यालाही पेला मिळत नव्हता.

वाद

वय कमी करावे असे म्हणणाऱ्यांचा मुद्दा समन्यायाचा आहे: ज्याच्या हाती राष्ट्र शस्त्र देते, त्याच्या विवेकावर एका पेल्यापुरताही विश्वास का ठेवू नये? या भूमिकेतून सैनिकांना सवलत देणारी विधेयके काही राज्यांच्या विधिमंडळांत मांडली गेली. महामार्ग अनुदानातील कपातीची भीती त्यांच्या आड आली. विरोधकांचे उत्तर रस्त्यावरील मृत्यूंकडे बोट दाखविते. शिवाय सैन्यातील मद्यासक्ती ही स्वतंत्र चिंता आहे. हे दोन्ही पक्ष बहुधा एकमेकांच्या प्रश्नाला उत्तर देत नाहीत. एकाचा प्रश्न हक्काचा आहे, दुसऱ्याचा अपघाताचा.

भारतातील स्थिती

भारतात मद्य हा राज्यांच्या अखत्यारीतील विषय असून गोव्यात १८, तर महाराष्ट्रात सौम्य बिअर व वाइनसाठी २१ आणि इतर मद्यासाठी २५ अशी मर्यादा आहे. अग्निवीर म्हणून भरती मात्र साडेसतराव्या वर्षापासून होते. सैनिकांना राज्याच्या मद्यकायद्यातून वेगळे वागविता येते काय, हा प्रश्न येथे मुंबई दारूबंदी अधिनियम, १९४९ च्या निमित्ताने न्यायालयात गेला. त्या अधिनियमाच्या कलम ३९ ने युद्धनौका आणि सैनिकी भोजनगृहे व उपाहारगृहे यांना सवलत देण्याची मुभा ठेवली होती. मुंबई उच्च न्यायालयाने ती समानतेच्या तत्त्वाविरुद्ध ठरविली. १९५१ साली मुंबई राज्य विरुद्ध एफ. एन. बलसारा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हा निर्णय फिरविला. सैन्यदलांची जीवनपद्धती व परंपरा वेगळ्या असल्याने त्यांचा स्वतंत्र वर्ग मानणे योग्य आहे, असे न्यायालयाने म्हटले.