आपल्या चुलीशेजारी गॅस कसा आला

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असे अध्यक्षबाईंनी सांगितले तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंत. पण गॅसविषयी विचारून, वाचून टिपत गेले आणि हा इतिहास आपलाच आहे असे वाटले. चूकभूल भगिनींनी पोटात घालावी.

मी लग्न होऊन मोहर्लीत आले तेव्हा घरात तीन दगडांची चूल होती. सासूबाई आणि शेजारच्या बायका मिळून सरपणाला जात. एकटीने जायचे नाही, बोलत-खाकरत चालायचे, वाकून लाकूड वेचताना एकीने उभे राहून लक्ष ठेवायचे, हा नियम. कारण वाकलेली बाई वाघाला माणूस वाटत नाही, असे जुन्या बाया सांगत. पावसाळ्यात ओले लाकूड पेटता पेटत नसे. फुंकणी फुंकून डोळे लाल होत, आणि पोरे धुरात खोकत.

तिकडे जगात वेगळीच गोष्ट चालू होती. १९१० च्या सुमारास अमेरिकेत वॉल्टर स्नेलिंग नावाचे रसायनशास्त्रज्ञ पेट्रोलमधून उडून जाणाऱ्या वाफेचा अभ्यास करीत होते. त्या वाफेत त्यांना प्रोपेन सापडला. हा वायू दाबला की पाण्यासारखा पातळ होतो आणि थोड्या जागेत पुष्कळ मावतो. त्यातूनच पुढे बाटलीतला गॅस घराघरांत गेला.

आपल्या देशात हा गॅस १९५५ च्या सुमारास मुंबईत आला. बर्मा-शेल कंपनी तो ‘बर्शेन’ नावाने विकीत असे. १९५५ सालीच आपले ताडोबा राष्ट्रीय उद्यान झाले. तेव्हा आपला चांदा जिल्हा जुन्या मध्यप्रदेशात होता. मुंबईच्या बाईच्या ओट्यावर निळी ज्योत आली, आणि आपल्या बाईच्या वाटेवर जंगलाचे कायदे आले. सरपण मात्र तिला लागतच होते. पुढे १९६५ मध्ये इंडेन गॅस सुरू झाला. १९७६ मध्ये सरकारने बर्मा-शेल ताब्यात घेतली. तीच आजची भारत पेट्रोलियम. तरी आपल्यासारख्या गावांपर्यंत गॅस पोचायला फार वर्षे गेली. २०१५ मध्ये राज्य शासनाने जन-वन विकास योजना काढली व व्याघ्रप्रकल्पालगतच्या गावांना सवलतीत गॅस देऊ केला. २०१६ मध्ये केंद्राची उज्ज्वला योजना आली. तिची जोडणी घरातल्या बाईच्या नावे मिळते. ज्या बायकांचे नाव शेताच्या सातबाऱ्यावर नाही, त्यांचे नाव गॅसच्या पुस्तकावर तरी लागले.

आता या गॅसचा स्वभाव सांगते. आपल्या सिलिंडरमध्ये प्रोपेन आणि ब्युटेन यांचे मिश्रण असते. पाणी उकळायला शंभर अंश लागतात. प्रोपेन उणे ४२ अंशालाच उकळतो. म्हणून बटण उघडताच तो विस्तवाशिवाय आतल्या आत उकळून वायू होतो. सिलिंडर आडवा केला तर वायूऐवजी पातळ गॅस बाहेर येतो, म्हणून तो उभाच ठेवावा. किती गॅस उरला ते पाहायचे तर ओले फडके फिरवावे. जिथवर पातळ गॅस आहे तिथवरचा भाग उशिरा वाळतो. ज्योत निळी असावी. पिवळी झाली की बर्नर साफ करावा.

मुख्य गोष्ट अशी, की हा गॅस हवेपेक्षा जड असतो. धूर वर जातो, हा जमिनीलगत साचतो. त्याला स्वतःचा वास नसतो; गळती कळावी म्हणून मुद्दाम उग्र वास मिसळतात. एका पावसाळी संध्याकाळी आमची नळी सैल झाली होती. सासूबाई देवापुढे दिवा लावायला बसल्या आणि काडी ओढणार, तोच मला वास आला. मी त्यांचा हात धरला. रेग्युलेटर बंद केला, दारे-खिडक्या उघडल्या आणि विजेच्या बटणाला हात लावला नाही. वास पूर्ण जाईपर्यंत सगळी अंगणात बसलो. त्या दिवशी देवाला दिवा उशिरा लागला, पण घर राहिले. अशा वेळी १९०६ या क्रमांकावर फोन करावा.

एक खरे बोलते. गॅस घरोघरी आला, पण भरलेल्या सिलिंडरचे पैसे दर वेळी हातात नसतात. मग रिकामा सिलिंडर कोपऱ्यात उभा राहतो आणि बाई पुन्हा मोळीला निघते. हिवाळ्यात आंघोळीच्या पाण्यासाठी तर निघतेच. सरपणाला, मोहफुलाला गेलेल्या किती बायका या जिल्ह्यात परत आल्या नाहीत, हे आपल्याला कोणी सांगायला नको.

म्हणून माझी मंडळाला एक विनंती आहे. आपण दागिन्यासाठी भिशी लावतो, तशी एक भिशी सिलिंडरसाठी लावावी. जिचा गॅस संपला तिला त्या महिन्यात ती रक्कम मिळावी. वर्धापनदिनी एवढे ठरले, तरी पुष्कळ झाले.