रक्त मूलपेशींचे संकेतमार्ग

अस्थिमज्जेतील ज्या मोजक्या पेशींपासून तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी व बिंबाणू आयुष्यभर घडत राहतात, त्या रक्त मूलपेशी. विश्रांतीत राहायचे, स्वतःसारखी पेशी घडवायची की विभेदन पावायचे, हे बरेचसे भोवतालच्या रेणूंवर ठरते. रेणू पेशीपटलावरील ग्राहीला जुळतो, आतील प्रथिनांना एकामागून एक फॉस्फेट जोडले जाते आणि केंद्रकातील जनुके चालू वा बंद होतात. एरिथ्रोपोएटिनामुळे तांबड्या पेशी, तर थ्राँबोपोएटिनामुळे बिंबाणू वाढतात. दोहोंचा मुख्य मार्ग जॅक-स्टॅट.

रेणू कोणता, इतकेच पुरत नाही; मात्राही निर्णायक असते. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातील वैजयंती काळे यांनी २००४ मध्ये दाखवले की, टीजीएफ-बीटा १ हे प्रथिन अल्प मात्रेत पी ४४/४२ या संकेतमार्गाने रक्तनिर्मितीला चालना देते आणि अधिक मात्रेत पी ३८ मार्गाने ती रोखते. एरवी रोधक म्हणूनच ओळखल्या जाणाऱ्या या प्रथिनाबाबत हा निष्कर्ष फार मोलाचा आहे. काळे यांच्याच गटाच्या २०१८ मधील प्रयोगांत तरुण आधारपेशींच्या सूक्ष्मपुटिकांनी (पेशींतून बाहेर पडणाऱ्या पटलवेष्टित कणांनी) उंदरांच्या वृद्ध रक्त मूलपेशींची कार्यक्षमता सुधारली.

जॅक २ जनुकातील उत्परिवर्तनाने जॅक-स्टॅट मार्गाचा संकेत सतत चालू राहिल्यास पॉलिसायथेमिया व्हेरा हा रक्तविकार होतो. रक्सोलिटिनिब हे औषध तोच मार्ग अडवते.