मागे राहणारी झडप

जुन्या शर्यती मोटारीचं एक नेहमीचं दुखणं असतं. सावकाश चालवा, तक्रार नाही. पण फेरे वाढले की ठरावीक आकड्यापाशी इंजिनाचा दम तुटतो. पेट्रोलचा पुरवठा पाहिला, ठिणगी पाहिली, दोन्ही ठीक. मग संशय घ्यावा तो झडपेच्या स्प्रिंगवर.

हिशेब साधा आहे. मिनिटाला ८,००० फेरे झाले, तर प्रत्येक झडपेला सेकंदात सुमारे ६६ वेळा उघडून मिटावं लागतं. उघडण्याचं काम कॅमचं, मिटवण्याचं स्प्रिंगचं. स्प्रिंग थकली की झडप मागे राहते, दाब निसटतो नि शक्ती जाते. कधी तर झडप दट्ट्यावर आपटून इंजिनच मोडतं.

यावर मर्सिडीझच्या तंत्रज्ञांनी स्प्रिंगच काढून टाकली! झडप मिटवायलाही कॅमच ठेवला. कल्पना जुनीच होती. १९१४ च्या डलाज गाडीत ती होती. परंतु ४ जुलै १९५४ रोजी फ्रान्समध्ये रँस येथे पहिल्याच शर्यतीत फांजिओ पहिला नि क्लिंग दुसरा आला, तेव्हा तिचं सामर्थ्य जगाला दिसलं. १९५५ साली अशाच इंजिनाच्या गाडीने स्टर्लिंग मॉसने इटलीतील मिले मिलिया ही सुमारे १,६०० किलोमीटरांची शर्यत १० तास ७ मिनिटांत जिंकली.

मात्र हा इलाज महागडा नि जुळणीला नाजूक. पुढे स्प्रिंगांचं पोलाद सुधारलं, आणि बहुतेक मोटारींत स्प्रिंगच टिकली.

तेव्हा श्रोतेहो, जुनी गाडी वरच्या फेऱ्यांत अडली, तर तिला रेटू नये. आधी स्प्रिंगचा जोर मोजून घ्यावा.