हजार किलोमीटर चालून आलेला लांडगा

आज जरा थंडीत जाऊ या, स्वीडन-नॉर्वेच्या सीमेवरच्या जंगलात.

एकेकाळी तिथे भरपूर लांडगे होते. पण शेळ्या-मेंढ्या आणि रेनडिअर मारतो म्हणून लोकांनी त्याला इतकं मारलं, की १९६६ साली स्वीडनने कायद्याने संरक्षण दिलं तेव्हा वाचवायला लांडगा जवळजवळ उरलाच नव्हता. आपल्याकडे वरातीमागून घोडं म्हणतात ना, तसंच.

मग १९८३ मध्ये तिथे अचानक पिल्लं जन्मली. लोकांना संशय, कोणीतरी गुपचूप आणून सोडले असणार! डीएनए तपासल्यावर कळलं की आई-बाप फिनलंड-रशियाकडचे. तिथे लांडग्यांची मोठी वस्ती आहे आणि हा भाग म्हणजे तिचं पश्चिमेकडचं टोक. मधलं अंतर हजारेक किलोमीटर. त्यात वाटेत सामी लोकांचा रेनडिअर चारण्याचा मुलूख, तिथे लांडगा सहसा जिवंत सुटत नाही.

म्हणजे अख्ख्या कळपाचा जनुकांचा साठा फक्त दोन जिवांकडून आलेला. पुढची पिढी जुळणार कोणाशी? भाऊ-बहिणी, आई-मुलगा. माझ्या भाषेत सांगायचं तर एकाच फाईलची कॉपी, तिची पुन्हा कॉपी. मूळ फाईलमधला बग सगळीकडे. ऐंशीच्या दशकभर संख्या दहाच्या वर जाईना. जंगल होतं, खायला मूस होते, शिकारीला बंदी होती, तरीही.

आणि १९९१ च्या सुमारास पूर्वेकडून एक नर आला. एकच! त्याने पिल्लं घातली, आणि त्या पिल्लांना रक्ताबाहेरचे जोडीदार मिळायला लागले. नवे कळप उभे राहिले, दहा-बारा वर्षांत संख्या शंभराच्या आसपास गेली. २००३ साली शास्त्रज्ञांनी हे सगळं जनुकांवरून दाखवून दिलं. मला हे वाचून खरंच अंगावर काटा आला.

पण तीन पूर्वज म्हणजे तीनच. काही वर्षांत नात्यातल्या जोड्या पुन्हा वाढल्या, पिल्लं कमी जगू लागली, काहींच्या मणक्यात दोष सापडले. २००८ मध्ये आणखी दोन नरांची पिल्लं झाली, तेव्हा थोडा श्वास मिळाला.

सरकारनेही हातभार लावून पाहिला. पूर्वेकडच्या रक्ताची एक मादी रेनडिअरच्या मुलखात शिरली होती. तिला बेशुद्ध करून दक्षिणेला, बाकी लांडग्यांजवळ नेऊन सोडलं. ती चालत परत गेली. पुन्हा नेली, पुन्हा परत. असं वारंवार झालं. तिकडे सामी पशुपालक आपले रेनडिअर मोजत बसलेले, इकडे शास्त्रज्ञ तिचे जीन्स.