पडतो, पण पोचत नाही

‘पृथ्वी चंद्राला आत ओढते, केंद्रोत्सारी बल त्याला बाहेर ढकलते, दोन्ही समान, म्हणून तो फिरत राहतो’ हे उत्तर परीक्षेत खपून जाते. ते बाजूला ठेवलेले बरे. दोन बलांनी एकमेकांना खरोखरच खोडून काढले असते तर चंद्र वळलाच नसता, सरळ रेषेत निघून गेला असता. (फिरत्या चौकटीतून पाहणाऱ्याला ते बल कल्पावे लागते, ही गोष्ट वेगळी.) पृथ्वीची ओढ तेवढी खरी, आणि चंद्र अखंड पडतो आहे.

किती पडतो? बारामती ते इंदापूर हे सरळ अंतर सुमारे ४८ किलोमीटर. सेकंदाला १.०२ किलोमीटर वेगाने जाणारा चंद्र तेवढे अंतर ४७ सेकंदांत कापतो आणि त्या वेळात पृथ्वीकडे सुमारे ३ मीटर पडतो. आता भूमिती पाहा. चंद्राचे सरासरी अंतर ३,८४,४०० किलोमीटर. त्या त्रिज्येच्या वर्तुळाला स्पर्शरेषा काढली, तर ४८ किलोमीटर पुढे ती वर्तुळापासून ३ मीटरच सुटलेली असते. जितके पडणे, तितकेच वळणे. कक्षा किंचित लंबवर्तुळाकार असल्याने अंतर थोडे कमीजास्त होते, पण पडणारा चंद्र जमिनीपर्यंत येत नाही. आडवा वेग नसता तर तो सरळ आपल्यावर आला असता.

खरा पेच सूर्याचा आहे. चंद्रावर सूर्याची ओढ पृथ्वीच्या दुपटीहून अधिक असते. मग सूर्य त्याला पळवत कसा नाही? कारण सूर्य पृथ्वीलाही जवळजवळ तितक्याच त्वरणाने ओढतो; दोघे मिळूनच सूर्याभोवती पडतात. जोडी फोडू शकतो तो या दोन ओढींमधला फरक, आणि तो पृथ्वीच्या ओढीच्या नव्वदाव्या भागाएवढाच भरतो. अंतर वाढले की मात्र हा फरक वाढतो आणि पृथ्वीची ओढ घटते. पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरपलीकडे उपग्रह टिकत नाही. दीर्घकाळ टिकायचे तर त्याच्या बऱ्याच आत राहावे लागते. चंद्र निर्धास्त आत आहे. बुधाचे असे क्षेत्र मुळातच लहान, त्याला एकही चंद्र नाही.

टिकणे समजले, तरी उपग्रह होणे उरते. दुरून येणारी वस्तू ग्रहाकडे पडताना वेग कमावते आणि तोच वेग तिला पुन्हा बाहेर काढतो. नुसत्या ओढीने कोणी अडकत नाही. ऊर्जा कुठेतरी टाकावी लागते. याचे अलीकडचे उदाहरण इंदापूर तालुक्याशी जोडलेले आहे. ‘चंद्रयान-३’ला नेणाऱ्या एलव्हीएम-३ रॉकेटच्या एस-२०० बूस्टरचे भाग वालचंदनगर इंडस्ट्रीजने बनवले. १४ जुलै २०२३ ला यान निघाले. ५ ऑगस्टला चंद्राजवळ पोचल्यावर त्याने गतीच्या उलट दिशेने सुमारे अर्धा तास इंजिन चालवले. तेवढा वेग टाकला नसता तर ते चंद्राला वळसा घालून दूर निघून गेले असते. वेग टाकल्यावर १६४ गुणिले १८,०७४ किलोमीटरची लांबुळकी कक्षा मिळाली, आणि यान चंद्राचा उपग्रह झाले.

लँडर २३ ऑगस्टला उतरला. कक्षेत उरलेल्या प्रोपल्शन मॉड्यूलमध्ये इंधन शिल्लक होते. ऑक्टोबरपासून इस्रोने त्याचे इंजिन पुन्हा चालवून, या वेळी वेग वाढवून, त्याला चंद्रापासून सोडवले. ते पृथ्वीभोवती फिरू लागले.